धाकटीचं पाणी

थोरलीच्या दातांबद्दल शाळेतून तिसऱ्यांदा निरोप आला, तेव्हा आईने चुलीतली राख फडक्यातून गाळून घेतली, तिच्यात विटेची भुकटी मिसळली आणि पोरीला अंगणातल्या दगडावर बसवलं. मास्तरीणबाईंचं म्हणणं एवढंच होतं की मुलगी हुशार आहे, अक्षर वळणदार आहे, पण तोंड धुऊन येत नाही. पहिल्या निरोपाला आई शरमली होती, दुसऱ्याला चिडली होती. आता तिने ठरवलं की एक तर ते डाग राहतील, नाहीतर मी.

थोरली बारा वर्षांची होती. तिच्या वरच्या पुढच्या चार दातांवर तपकिरी पट्टे होते, जुन्या पत्र्यावर गंज चढावा तसे, आणि मधल्या दोन दातांना बारीक खड्डेही पडले होते. आईने बोटाला फडकं गुंडाळलं आणि करपलेलं पातेलं घासावं तसं घासायला लागली. पोरगी दोन्ही हातांनी दगडाची कड धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड मिटत नव्हती. मिटलं तर पाठीत धपाटा बसेल हे तिला ठाऊक होतं. थुंकीबरोबर रक्त आलं. आईने चूळ भरायला लावली आणि हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. हिरड्या टरारून सुजल्या होत्या, आणि पट्टे होते तिथेच होते.

"उद्या पुन्हा," आई म्हणाली.

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी शाळेत दातांची तपासणी आली, म्हणून थांबलं.

त्यांची वस्ती माळावर होती. नऊ घरं, दोन बाभळी आणि मधोमध एक हातपंप. गाव खाली, अर्ध्या तासाच्या वाटेवर. गावच्या नळाला चार दिवसांनी तासभर पाणी यायचं, ते गावालाच पुरायचं नाही. पंपाला मात्र बारमाही पाणी होतं, आणि ते थोरलीच्या बापामुळे होतं. तो बोअर मारायच्या गाडीवर कामाला. तेरा वर्षांपूर्वी गाडी माळावरून चालली होती, तेव्हा याने चालकाचे पाय धरून ती दिवसभर थांबवून घेतली आणि वस्तीत भोक पाडून घेतलं. तीनशे फुटांवर पाणी लागलं. त्या आधी बायका डोक्यावरून दोन कोस पाणी आणत. तेव्हापासून वस्तीत त्याचा शब्द खाली पडत नसे. त्या पंपाला लोक त्याच्याच नावाने ओळखत, आणि तोही पंधरा दिवसांनी घरी आला की आधी पंपाचा दांडा हलवून बघे, मग पोरींना जवळ घेई.

तपासणीला आई बागेतून तशीच आली. ती लिंबाच्या बागेत रोजाने तोडणीला जायची. हाताला काट्यांचे ओरखडे, अंगाला लिंबाचा वास, कडेवर तीन वर्षांची धाकटी. वर्गात बाकावर पांढरा डगला घातलेली डॉक्टरीणबाई बसली होती. मुलं रांगेने येत, आ करत, पुढे सरकत. थोरलीची पाळी आली तशी आई पुढे झाली आणि विचारायच्या आधीच सांगायला लागली, की रोज घासून घेते हो मी, राखेने घासते, अंगात आळस नाही तिच्या.

डॉक्टरीणबाईने थोरलीच्या सुजलेल्या हिरड्या पाहिल्या आणि आईकडे पाहिलं. म्हणाली, घासू नका. हे घासून जाणारं नाही. हा मळ नाही, हा पाण्याचा दोष आहे. पाणी कुठलं पिता? मग तिने समजावून सांगितलं. खोल जमिनीतल्या काही पाण्यात असा क्षार असतो. दुधाचे दात पडून नवे दात यायच्या आधी ते हिरडीच्या आत घडत असतात, आणि तसं पाणी पोटात गेलं तर आतच बिघडतात. बाहेर येतात ते असे. आई कुठली, बाप कुठला, तेही तिने विचारलं. दोघं लहानपणी नदीच्या पाण्यावर वाढलेली. पोरी तेवढ्या इथल्या.

आईला आधी वाटलं, सुटले. आपला दोष नाही. ती मास्तरीणबाईंकडे मुद्दाम बघून घेणार होती, तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढचं बोलली.

"हिचे आता असेच राहणार. शहरात वरून थर देतात, पण ते तुमच्याच्याने व्हायचं नाही. कडेवरची तुमचीच का? हिला वाचवा. आठ वर्षांची होईपर्यंत हिच्या पोटात ते पाणी जाऊ देऊ नका. उथळ विहिरीचं चालेल. पाच वर्षं सांभाळा, मग काळजी नाही."

थोरली अजून तोंड उघडं ठेवून उभी होती. मिटायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने आपलं आपण मिटलं आणि रांगेतून बाजूला झाली.

पुढच्या महिन्यात दोन माणसं आली, पंपाचं पाणी बाटलीत भरून नेलं, आणि परत आली तेव्हा पंपाला लाल रंग फासून गेली. हे पाणी पिऊ नये, अशी ती खूण. दुसरं कुठलं प्यावं, ते काही सांगून गेली नाहीत. रंग ओला असतानाच बायकांनी हंडे भरले. हात लाल झाले, ते धुवायलाही त्याच पंपाचं पाणी.

बाप आला आणि लाल पंप बघून घरात न शिरता ओट्यावरच बसला. आईने त्याला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या तोंडावर दुसऱ्या कुणाचं तरी भांडण ऐकावं तसा भाव होता. शेवटी म्हणाला, तेरा वर्षं सगळे पितायत, कुणी मेलं का? बायकांचे हंडे उतरवले मी, तेव्हा हे लोक कुठे होते? दात काय प्रदर्शनात मांडायचेत? खायचं नीट खाता आलं म्हणजे झालं.

"पोरीची जात आहे हो," आई म्हणाली. "उद्या चार माणसांत हसायला लागेल."

"मग कमी हसेल," तो म्हणाला आणि उठून गेला. दोन दिवसांनी गाडीवर परत गेला, जाताना पंपाला हात न लावता.

आईने मग एकटीनेच ठरवलं. उथळ विहीर जवळपास एकच, बागवाल्याच्या घरामागची. दगडी बांधणीची, जुनी, गोड्या पाण्याची. ती बागवाल्यासमोर दाती तृण धरून उभी राहिली. रोज दोन हंडे, फक्त लेकराला प्यायला, एवढंच मागणं. बागवाला सुपारी कातरत होता. म्हणाला, पाणी काही मी विकत नाही. पाणी विकणारा माणूस नव्हे मी. एवढं बोलून त्याने सुपारी तोंडात टाकली आणि ती नीट मऊ होईस्तोवर चघळली. मग म्हणाला, गोठ्याचा माणूस सोडून गेलाय. सकाळी तोडणीच्या आधी तासभर येऊन शेण तेवढं काढत जा. आमच्या सुनेच्या गुडघ्यांना आराम पडेल, तुझ्या लेकराला पाणी मिळेल. आपण माणसंच आहोत.

गोठ्यात अकरा जनावरं होती. तासाभराचं काम दोन तासांचं निघालं. आई झुंजूमुंजू व्हायला घरून निघायची. आधी शेण पाटीत भरून उकिरड्यावर, मग मूत्राच्या चाऱ्या खराट्याने मोकळ्या करायच्या, मग गव्हाणी झाडायच्या. पाटी भरली की तिचा काठ डोक्याला रुतायचा आणि पातळ शेण कानामागून ओघळायचं. नंतर दिवसभर लिंबं तोडायची. काट्यांनी फाटलेल्या हाताला गोठ्यातला ओलावा लागून बोटं पिकली. नखांत पू झाला. जेवताना तिला स्वतःच्याच हाताचा वास यायचा, म्हणून ती डावीकडे मान वळवून घास घ्यायची.

पाणी मात्र संध्याकाळीच भरायचं, बागेचं इंजिन बंद झाल्यावर, अशी अट होती. त्या वेळी आईला घरी चूल पेटवायची असायची. तेव्हा शाळेतून आली की थोरलीने जायचं, असं ठरलं. दोन हंडे, दोन खेपा. थोरलीने मान हलवली. तशी ती कमीच बोलायची.

त्या पाण्याला घरात वेगळा माठ केला. त्याला वेगळा पेला, वर वेगळं झाकण. आईने स्वतः त्यातला घोटसुद्धा घेतला नाही. थोरलीलाही तिने बजावून ठेवलं, की तुझे दात व्हायचे ते होऊन गेले, आता तू कुठलंही प्यायलीस तरी फरक पडायचा नाही, तेव्हा या माठाला हात लावू नकोस. रागाने नाही म्हणाली. हिशेब सांगावा तसं म्हणाली. थोरली खेपा करून आली की डोक्यावरची चुंबळ भिंतीला टेकवून ठेवायची आणि पंपाच्या पाण्याच्या घागरीत पेला बुडवून प्यायची, घामेजलेल्या मानेने, एका दमात.

शेजारणी विचारायच्या, एवढा जिवाचा आटापिटा कशाला. आई म्हणायची, एकीचं गेलं ते गेलं, दुसरीचं तरी हातचं सोडू नये. थोरली तिथे असली तरी म्हणायची. पोरीसमोर काय बोलावं, याचा विचार करायला तिच्याकडे दिवसातला कुठला वेळ उरला होता?

उन्हाळा तापायला लागला तशी धाकटीची एक नवीन खोड निघाली. माठातलं पाणी ती पिईना. तोंडात घ्यायची आणि थुंकायची. आईने आधी लाडीगोडी लावली, मग एक दिवस गालफाड दाबून पाजलं आणि वर एक ठेवून दिली. दोन तास शेण काढून मिळालेलं पाणी कार्टी जमिनीवर ओतते, म्हणजे काय. थोरली उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा उतरला होता, पण त्या दिवसांत सगळ्यांचेच चेहरे उतरलेले असत. चार दिवसांनी धाकटीला सवय झाली आणि ती मुकाट्याने प्यायला लागली.

चैत्र सरता सरता विहिरी तळाला गेल्या. एका सकाळी आई गोठा झाडत होती, तेव्हा बागवाल्याची सून ओसरीवरून म्हणाली, की मामंजींनी सांगितलंय, आता विहिरीवर कुणालाच येऊ द्यायचं नाही, झाडं मरतील. आई खराटा तसाच टाकून ओसरीखाली गेली. म्हणाली, वहिनी, एक हंडा तरी राहू द्या. लेकरू अजून लहान आहे. एवढे चार महिने सांभाळलं, ते सगळं फुकट जाईल.

सून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कुठलं लेकरू न् कुठला हंडा," ती म्हणाली. "तुझी पोरगी झाडं फुलल्यापासून विहिरीवर फिरकली नाही. अडीच महिने झाले असतील."

आईला वाटलं, हिची काहीतरी गफलत होतेय. तिने पुन्हा विचारलं. सुनेने पुन्हा तेच सांगितलं.

"मग मी रोज शेण कशापायी काढतेय?"

"ते तुलाच माहीत. आम्हाला वाटलं, तुला दुसरीकडे पाणी मिळालं असेल. काम करतेयस तर आपण होऊन कशाला नको म्हणायचं?" तिने एक खडा निवडून अंगणात टाकला. "खराटा उचल तेवढा, गाय तुडवेल."

आईने खराटा उचलला. आणि अर्धा गोठा राहिला होता, तोही काढला. का काढला, ते तिला नंतर कितीदा आठवूनही सांगता आलं नाही. हात चालू होते, म्हणून चालू राहिले.

त्या दिवशी तिने तोडणीवरून लवकर सुट्टी मागून घेतली आणि बांधाच्या आडोशाने वस्तीकडे आली. शाळा सुटायची वेळ झाली होती. तिने बघितलं, थोरली घरातून रिकामा हंडा घेऊन निघाली, बागेच्या वाटेला लागली, वळणावर थांबली आणि इकडेतिकडे बघून बाभळींच्या मागून पंपावर आली. दांडा तिच्या उंचीला जड होता. ती त्याला लोंबकळून तो खाली आणायची. हंडा भरला, चुंबळ ठेवली, हंडा डोक्यावर चढवला. पण घरी आली नाही. पडक्या वीटभट्टीच्या मागे गेली, तिथे हंडा उतरवला आणि त्याच्याशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली. बागेत जाऊन यायला लागतो तेवढा वेळ ती तिथे बसून काढत होती. ऊन तिच्या अर्ध्या अंगावर होतं, आणि ती सरकतही नव्हती.

आई रागाने धुमसत आली होती. वाटेत तिने निवडुंगाच्या कुंपणाजवळची काठीही उचलली होती. आपल्या बोटांतला पू, डोक्यावरून ओघळलेलं शेण, धाकटीच्या गालावर उठलेली बोटं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं. ती समोर जाऊन उभी राहिली. थोरली दचकली नाही. जणू एवढे दिवस ती याचीच वाट बघत होती. नुसती उठून उभी राहिली आणि पाठ पुढे केली.

"का?" आई म्हणाली.

आईने काठी भिंतीवर आपटली. तेव्हा कुठे थोरली बोलायला लागली, पायाच्या अंगठ्याकडे बघत, धडा म्हणून दाखवावा तशी. बागवाल्याची नातवंडं विहिरीवर असत. दोर त्यांच्या हातात असे. आधी दात दाखव, मग दोर. पोरं तिला गंजकी म्हणत. ती रोज दाखवायची. दोन खेपांना दोनदा. धाकटा नातू बोट लावून बघायचा, निघतं का म्हणून. मग एकदा त्यांच्याकडे पाहुणे आले होते. सुनेने ओसरीवरून हाक मारली, अगं ए, जरा इकडे ये, ह्यांना दाखव, माळावरच्या पाण्याने काय होतं ते. खुर्च्यांवर पाच-सहा जणं होती. एका म्हाताऱ्याने चष्मा चढवून बघितलं. एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही.

आईच्या हातातली काठी खाली आली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

थोरलीने पहिल्यांदा वर पाहिलं.

"तू म्हणाली असतीस, मग दाखवायचे. त्यात काय झिजतं."

आई तेच म्हणाली असती, याच शब्दांत, चुलीत फुंकर घालता घालता. तिने काठी टाकली, हंडा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि पुढे चालू लागली. थोरली चार पावलं मागून येत राहिली. वाटेत आईच्या मनात आलं, हे पाणी ओतून द्यावं. पण मग धाकटीला द्यायचं काय?

घरात शिरल्या शिरल्या शेजारणीकडे ठेवलेली धाकटी धावत येऊन पायांना बिलगली आणि पाणी मागायला लागली. दिवसभर उकाडा होता. आईने पेला भरला. धाकटीने दोन्ही हातांनी पेला धरून घोट घोट सगळं पाणी संपवलं आणि अजून मागितलं. आईने अजून दिलं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला आई उठली आणि गोठ्यात गेली. शेण काढलं. सून बाहेर आली तेव्हा तिने विनवलं, की पोरीला आता पाठवत नाही, मीच दुपारच्या सुट्टीत येऊन ओढून नेईन, पाऊस पडेपर्यंत एकच हंडा. पाहुण्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. रात्री अंथरुणात तिने जे जे शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे सुनेच्या समोर गेल्यावर जिभेखाली जाऊन बसले. सुनेने सासऱ्याला विचारून येते म्हणून सांगितलं आणि परत येऊन म्हणाली, एक हंडा ने, पण मग अंगणही झाडून जात जा, एवीतेवी खराटा हातात असतोच. आई हो म्हणाली.

दुपारी तिने हंडा भरून आणला. जुनं पाणी झाडाला घातलं, माठ विसळला आणि नवं पाणी गाळून भरलं. थोरली शाळेतून आली, दप्तर खुंटीला लावलं आणि सवयीने चुंबळ उचलली.

"ठेव ती," आई म्हणाली. "तुला आता जायला नको. मी आणत जाईन."

थोरलीने चुंबळ हातातच धरली. मग हळूच विचारलं, "तुला म्हणाले तर? दात दाखव म्हणून?"

"मला कशाला म्हणतील," आई माठावर झाकण ठेवता ठेवता म्हणाली. "माझे दात चांगले आहेत."

बोलून झाल्यावर तिला कळलं. ती वळली. थोरली मान हलवत होती, समजूतदारपणे, मास्तरीणबाईंनी सोडवून दाखवलेलं गणित पटावं तशी. आईला वाटलं, हिने आता रडावं, आदळआपट करावी, निदान पाठ फिरवावी. तिने तसं काही केलं नाही. चुंबळ भिंतीशी ठेवली, घागरीतून पेला भरून पाणी प्यायली आणि अभ्यासाला बसली.